जेवणाच्या सुट्टीत नवा फूड हॉल कसा पाहावा

कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर नवा फूड हॉल उघडला, की बहुतेक जण पहिल्या भेटीत एकच चूक करतात. आत शिरल्याबरोबर सर्वांत लांब रांग दिसते, जिथे एवढी माणसे उभी आहेत तिथे चांगलेच मिळत असणार असे गृहीत धरून ते तिच्या शेवटी उभे राहतात, आणि पदार्थ हातात पडेपर्यंत सुट्टी संपत आलेली असते. मीही एकदा अशा रांगेत सव्वीस मिनिटे ताटकळलो आणि शेवटी चार घास उभ्याउभ्या खाऊन बाकीचे तसेच टाकून निघालो. पदार्थ उत्तम होता हे त्या चार घासांतही कळले, म्हणून अन्न टाकल्याचे वाईट अधिकच वाटले. तेव्हापासून नव्या ठिकाणी जाताना मी एक पद्धत पाळतो. तिचा गाभा असा, की पहिली भेट ही जागा ओळखण्यासाठी असते आणि त्या दिवशीचे जेवण हा त्या ओळखीचा एक भाग असतो.

फूड हॉल आणि फूड कोर्ट यांतला फरक आधी लक्षात घ्यावा, कारण आपले वागणे त्यावर ठरते. फूड कोर्टात सहसा ठरावीक साखळ्यांची काउंटर असतात, त्यांचा मेन्यू आपल्या परिचयाचा असतो आणि वेगही साधारण सारखा असतो. फूड हॉलमध्ये मात्र छोटी, स्वतंत्र स्वयंपाकघरे शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि पुष्कळदा पदार्थ समोरच तयार होतो. लिस्बनमध्ये २०१४ साली रिबेरा बाजाराच्या जुन्या इमारतीत सुरू झालेले टाइम आउट मार्केट हे या प्रकाराचे जगभर माहीत असलेले उदाहरण आहे. सिंगापूरच्या हॉकर सेंटरांची, म्हणजे अनेक खाद्यविक्रेत्यांचे स्टॉल एका छताखाली असलेल्या बाजारांची, परंपरा याहून जुनी आहे. तिथे एकेक स्टॉल मोजकेच पदार्थ वर्षानुवर्षे करत आलेला असतो, आणि या संस्कृतीची नोंद युनेस्कोने २०२० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. आपल्या दृष्टीने यातला महत्त्वाचा मुद्दा हा, की फूड हॉलमधल्या प्रत्येक स्टॉलचा वेग, स्वच्छता, मेन्यू आणि हात वेगळा असतो. एका स्टॉलचा अनुभव शेजारच्या स्टॉलविषयी काहीच सांगत नाही, म्हणून एकाच जेवणावरून सगळ्या हॉलबद्दल मत बनवणे योग्य होत नाही.

वेळेचा हिशेब उलटा मांडावा

निघण्यापूर्वी हिशेब शेवटाकडून करावा. समजा सुट्टी ६० मिनिटांची आहे आणि फूड हॉल ८ मिनिटांच्या अंतरावर आहे. जाण्यायेण्याची १६ मिनिटे गेली. परतल्यावर लिफ्टसाठी थांबणे, हात धुणे आणि जागेवर बसणे यासाठी ५ मिनिटे राखून ठेवावीत. खाण्यासाठी २० मिनिटे धरावीत आणि त्यात कधीही काटछाट करू नये, कारण पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो आणि घाईने खाणारा माणूस गरजेपेक्षा जास्त खातो. आता उरली १९ मिनिटे. त्यांतली ६ मिनिटे हॉलमध्ये एक फेरी मारण्यासाठी बाजूला काढली, तर ऑर्डर देऊन पदार्थ हातात येईपर्यंतच्या कामासाठी १३ मिनिटे राहतात. हा १३ चा आकडा मनात पक्का धरूनच हॉलमध्ये पाऊल टाकावे.

सुट्टी ४५ मिनिटांची असेल, तर याच हिशेबाने फेरी आणि रांग या दोन्हींसाठी मिळून केवळ ४ मिनिटे उरतात. अशा वेळी पहिल्या दिवशी तिथे जेवायचा हट्ट धरू नये. त्या दिवशी डबा न्यावा, हॉलमध्ये फक्त फेरी मारून यावे आणि परत आल्यावर डबा खावा. नुसते पाहायला जाणे अनेकांना वेळ वाया घालवल्यासारखे वाटते, पण पोटात कावळे ओरडत असताना चार स्टॉल नीट पारखता येत नाहीत, आणि हे काम एकदाच करायचे असते.

वेळ निवडताना आसपासच्या कचेऱ्या कधी सुटतात ते पाहावे. बहुतेक ठिकाणी लोक पूर्ण किंवा अर्ध्या तासाच्या ठोक्याला बाहेर पडतात, त्यामुळे गर्दी सावकाश वाढत जात नाही, ती एकदम येते. वरिष्ठांना विचारून दहा-पंधरा मिनिटे आधी निघता आले, तर तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. उशिरा जाण्यात रांग कमी लागते हे खरे, पण तोवर काही पदार्थ संपलेले असतात आणि उघड्यावर मांडून ठेवलेले पदार्थ बराच वेळ तसेच पडून असतात. म्हणून आधी जाणे मला नेहमीच अधिक पसंत आहे. हॉल उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी शक्यतो जात नाही. तेव्हा कामगार नवखे असतात, बिलाची यंत्रे अडतात, कोणती भांडी कुठे ठेवायची हेही अजून बसलेले नसते, आणि अशा दिवशी स्टॉलविषयी बनवलेले मत त्या माणसांवर अन्याय करणारे ठरते.

पहिली फेरी

आत गेल्यावर एका कडेने सुरुवात करून पूर्ण वळसा घालावा आणि वाटेत कुठेही ऑर्डर देऊ नये. हातात फोन ठेवून प्रत्येक स्टॉलच्या मेन्यू फलकाचा एक फोटो काढावा, म्हणजे पुढच्या वेळी काय घ्यायचे ते आदल्या संध्याकाळी शांतपणे ठरवता येते. फोटोत माणसांचे चेहरे येणार नाहीत एवढी काळजी घ्यावी. या वळशात हात धुण्याची जागा, पिण्याचे पाणी, ट्रे परत ठेवण्याची जागा आणि बाहेर पडायचे दुसरे दार या चार गोष्टी नजरेखालून घालाव्यात. दुसऱ्या दाराकडे मी मुद्दाम लक्ष देतो, कारण गर्दीच्या वेळी मुख्य दाराशी खोळंबा होतो आणि परतीची दोन-तीन मिनिटे तिथेच जातात.

पैसे कसे भरायचे तेही याच वेळी पाहून घ्यावे. काही ठिकाणी प्रत्येक स्टॉलवर वेगळे बिल होते, तर काही ठिकाणी एकाच खिडकीवर आधी पैसे भरून कार्ड घ्यावे लागते. कार्डाची पद्धत असेल, तर उरलेली रक्कम परत मिळते का आणि कोणत्या खिडकीवर मिळते हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. हॉल तळघरात असेल, तर फोनला नेटवर्क मिळतेच असे नाही, म्हणून थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी.

यानंतर स्टॉल पारखायचे. मेन्यूवर आठ-दहाच पदार्थ असतील, तर त्या स्वयंपाकघराला आपले काम नेमके ठाऊक आहे असे मी समजतो. एवढ्याशा जागेत साठ पदार्थ करायचे, तर त्यांतले बरेचसे आधी करून ठेवल्याशिवाय आणि नुसते गरम केल्याशिवाय भागत नाही. फलकापेक्षाही जेवत असलेल्या लोकांच्या टेबलांकडे पाहावे. एखाद्या स्टॉलचा एकच पदार्थ टेबलाटेबलावर दिसत असेल, तर तो दिवसभर सतत होतो आहे, म्हणजे ताजा आहे आणि करणाऱ्याच्या हातात बसलेला आहे. पहिल्या भेटीत तोच घ्यावा. परत ठेवलेल्या ट्रेंमध्ये काय उरले आहे हेही बोलके असते. एकाच पदार्थाच्या अर्ध्या भरलेल्या चार बश्या तिथे दिसल्या, तर तो पदार्थ टाळण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत दोन मिनिटे एका जागी उभे राहून फक्त हातांकडे पाहावे. पैसे घेणारा आणि पदार्थ वाढणारा माणूस वेगळा आहे का, आणि एकच असेल तर मधे तो हात धुतो का, हे लगेच दिसते. हातमोजे घातलेले असले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण त्याच मोज्याने सुटे पैसे दिले आणि त्याच मोज्याने पदार्थ वाढला, तर मोजा असून नसल्यासारखाच. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांनुसार शिजवलेले गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायला हवेत, आणि शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक राहू नये. आपल्याजवळ तापमापक नसतो, पण खुणा दिसतात. गरम भांड्यांवर झाकण आहे का आणि ते उघडल्यावर वाफ येते का, थंड पदार्थांच्या कपाटाचे दार नीट बंद होते का, हे पाहावे. भांडे रिकामे होत आले, की चांगला स्टॉल ते उचलून दुसरे भरलेले भांडे ठेवतो. उरलेल्या जुन्या पदार्थावरच नवा ओतला जात असेल, तर तळाचा भाग किती तासांपूर्वीचा आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

ज्यांना एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र नुसत्या निरीक्षणावर विसंबू नये. युरोपीय संघात १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे डिसेंबर २०१४ पासून बंधनकारक आहे. अमेरिकेत अशा प्रमुख घटकांची संख्या ९ असून त्यांतला शेवटचा, म्हणजे तीळ, १ जानेवारी २०२३ पासून लेबलवर जाहीर करणे सक्तीचे झाले. प्रत्येक देशाची यादी वेगळी आहे, पण काउंटरवर विचारायचे प्रश्न सगळीकडे तेच राहतात. या पदार्थात अमुक घटक आहे का, हा पदार्थ ज्या तेलात तळला त्याच तेलात तो घटक असलेले दुसरे काही तळले जाते का, आणि दोन्हींसाठी एकच चिमटा वापरतात का, असे तीन वेगवेगळे प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी उरलेले दोन सोडू नयेत, कारण तेलाच्या उष्णतेने ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने भरवशाने नष्ट होत नाहीत. उत्तर देणारा गोंधळला किंवा ‘नसावे बहुतेक’ म्हणाला, तर त्या स्टॉलचे त्या दिवशी काही घेऊ नये.

रांग वाचायला शिकावे

माझ्या मते सगळ्या पद्धतीत सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. रांगेची लांबी पाहून काहीही कळत नाही, रांग किती वेगाने सरकते हे पाहावे लागते. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली एक साधे सूत्र सिद्ध केले: दीर्घकाळाच्या सरासरीने पाहिले, तर एखाद्या व्यवस्थेत असलेल्या लोकांची संख्या ही तिथे येणाऱ्यांचा वेग आणि प्रत्येकाचा तिथे जाणारा वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. रांगेत उभे राहायचे की नाही हे ठरवताना आपण तेच सूत्र उलटे वापरायचे. पुढच्या माणसांची संख्या मोजावी, दर मिनिटाला किती जण मोकळे होतात ते पाहावे आणि भागाकार करावा.

एक प्रसंग सांगतो. एका हॉलमध्ये दोन स्टॉल समोरासमोर होते. एकापुढे वीस माणसे उभी होती, दुसऱ्यापुढे पाच. वीस जणांच्या रांगेत मोठ्या पातेल्यांतून पळीने पदार्थ वाढले जात होते, वाढणारा मान वर न करता बशी पुढे सरकवत होता आणि एकेक माणूस सुमारे वीस सेकंदांत बाजूला होत होता. म्हणजे पूर्ण रांग सात मिनिटांच्या आत संपणार होती. समोरच्या पाच जणांच्या रांगेत प्रत्येक पदार्थ मागणी आल्यावर तव्यावर पडत होता, तवे दोनच होते आणि प्रत्येकाला चार मिनिटे लागत होती. पाच जण पुढे म्हणजे आपला पदार्थ तिसऱ्या खेपेला, बारा मिनिटांनी. त्या दिवशी मी वीस जणांच्या रांगेत उभा राहिलो आणि बसून सावकाश जेवलो.

माणसे मोजताना ऑर्डर मोजाव्यात, डोकी मोजू नयेत. तिघे बोलत उभे असतील, तर पुष्कळदा ऑर्डर एकच असते. उलट हातात लिहिलेला कागद किंवा उघडलेला फोन घेऊन एकटा उभा असलेला माणूस पूर्ण विभागासाठी आठ जणांचे जेवण घ्यायला आलेला असू शकतो. काउंटरच्या मागच्या बाजूला बांधून ठेवलेली पार्सले आणि बाजूला हेल्मेट घेऊन उभी असलेली डिलिव्हरीची मुले दिसली, तर रांगेत न दिसणारी दुसरी रांग त्याच स्वयंपाकघरात चालू आहे हे ओळखावे.

टोकनची पद्धत असेल, तर हिशेब आणखी सोपा होतो. फलकावर आता ४१ क्रमांक पुकारला गेला आहे आणि नुकत्याच फाडलेल्या पावतीवर ६३ आहे, असे समजा. पैसे भरायला आणखी कोणी उभे नसेल, तर आपल्याला ६४ मिळेल, म्हणजे २३ क्रमांक पुकारले जायचे आहेत. दोन मिनिटांत फलक ४१ वरून ४५ वर गेला, तर वेग मिनिटाला दोन, आणि आपला पदार्थ साडेअकरा मिनिटांनी येईल. आपल्या १३ मिनिटांत हे जेमतेम बसते. पण पैसे भरायला सहा जण पुढे असतील, तर आपला क्रमांक ७०, पुकारायचे २९ आणि लागणारा वेळ साडेचौदा मिनिटे होतो. तिथून तेव्हाच निघावे. दहा मिनिटे उभे राहिल्यानंतर रांग सोडायला मन घेत नाही, म्हणून हा निर्णय रांगेत शिरण्यापूर्वी घ्यायचा.

काउंटरवर पोहोचल्यावर ‘तुमच्याकडे चांगलं काय आहे?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सहसा ‘सगळंच’ असे मिळते. ‘यातलं आत्ता लगेच काय मिळेल?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर खरे मिळते, कारण मागे काय तयार आहे ते समोरच्या माणसाला दिसत असते. पदार्थात बदल करून मागणे पहिल्या भेटीत टाळावे. त्याने वेळ वाढतो, आणि तो स्टॉल आपल्या पद्धतीने पदार्थ कसा करतो हेही कळत नाही.

बसणे आणि जेवणे

पहिल्या भेटीला एक सहकारी बरोबर असावा, दोघांहून जास्त नकोत. एकाने रांगेत राहावे, दुसऱ्याने जागा धरावी, आणि दोन वेगळ्या स्टॉलचे पदार्थ घेऊन दोघांनी वाटून खावेत. पाच-सहा जण गेले आणि प्रत्येकाने वेगळा स्टॉल निवडला, तर पहिल्याचे निवून जाते आणि शेवटच्याचे येतच नाही. मोठ्या गटाने जायचेच असेल, तर ज्याचा स्टॉल सर्वांत संथ आहे त्याने आधी जाऊन ऑर्डर द्यावी.

जागा निवडताना ट्रे परत ठेवण्याची जागा, लाउडस्पीकर आणि धूर ओढणाऱ्या चिमण्या यांपासून लांब बसावे. फूड हॉलमध्ये फरशी, काच आणि पत्रा यांमुळे आवाज घुमतो, आणि गोंगाटात माणूस नकळत भराभर खातो. भिंतीलगतच्या उंच स्टुलांकडे लोक पाठ फिरवतात, पण एकट्याला किंवा दोघांना ती जागा चांगली असते आणि बहुधा रिकामी मिळते. जेवून झाल्यावर मात्र टेबल अडवून गप्पा मारू नयेत, कारण भरलेला ट्रे हातात घेऊन जागेसाठी फिरणाऱ्या माणसाचीही सुट्टी मोजलेलीच असते.

दुपारी थोडी सुस्ती येणे हे शरीराच्या दैनंदिन चक्रातच आहे आणि न जेवलेल्यालाही ती येते, तरी जड, तळलेले जेवण ती वाढवते. दुपारी महत्त्वाची बैठक असेल त्या दिवशी नवा पदार्थ अर्धाच घ्यावा. उरलेले पार्सल करून नेणार असाल, तर वर सांगितलेली दोन तासांची मर्यादा पाळावी, आणि कडक उन्हाळ्यात एक तासच धरावा. तळलेल्या पदार्थाच्या डब्याचे झाकण किंचित उघडे ठेवावे, नाहीतर वाफेने तो पाच मिनिटांत लिबलिबीत होतो.

पदार्थ थंड असेल किंवा चुकीचा आला असेल, तर पहिल्या घासानंतरच, बशी भरलेली असताना, काउंटरवर जाऊन शांतपणे सांगावे. नव्या स्टॉलला अशा गोष्टी कळायला हव्या असतात आणि मला बहुतेक वेळा पदार्थ विनातक्रार बदलून मिळाला आहे. रिकामी बशी दाखवून केलेल्या तक्रारीचे ते काहीच करू शकत नाहीत.

परत निघताना दाराशी घड्याळ पाहावे आणि कचेरीच्या दाराशी पोहोचल्यावर पुन्हा पाहावे. मग एका छोट्या वहीत किंवा फोनमध्ये नोंद करावी: स्टॉलचे नाव, रांगेत शिरल्याची वेळ, पदार्थ मिळाल्याची वेळ, पदार्थ कसा होता, किती पुरला, आणि परतायला प्रत्यक्ष किती मिनिटे लागली. या शेवटच्या आकड्यावर बारीक लक्ष ठेवावे. माझ्या ८ मिनिटांच्या वाटेला परतताना सिग्नल धरून ११ मिनिटे लागत होती, हे मला तिसऱ्या भेटीनंतर वहीतून कळले, आणि तेव्हापासून रांगेसाठी मी १३ ऐवजी १० मिनिटे धरतो.